पाचव्या पिढीतला एन्बाकोम

माझ्या नवऱ्याला बायबलातल्या प्रत्येक नावाचा अर्थ माहीत आहे, पण आमच्या घरात मीठ कुठल्या बरणीत असतं ते माहीत नाही. लग्नाला सत्तावन्न वर्षं झाली, तरी अजून जेवायला बसलं की विचारतात, "अगं तिरुनेश, मीठ?"

आमच्या देब्रे मार्कोस गावात ह्यांना सगळे येनेता म्हणतात, म्हणजे गुरुजी. देवळाच्या शाळेत ह्यांनी जन्मभर गेएझ शिकवली, ती जुनी भाषा, जी फक्त देवाला आणि आमच्या ह्यांना कळते. नाव सोफोन्यास. सोफोन्यास म्हणजे 'देवानं ज्याला लपवून ठेवलं तो'. एवढं नीट लपवलं होतं तर माझ्या बापाला कसा काय सापडला, हे मी देवाला कितीदा तरी विचारून पाहिलं. तो काही बोलत नाही.

मुलगा झाला की चाळिसाव्या दिवशी आणि मुलगी झाली की ऐंशीव्या दिवशी देवळात नेऊन नाव ठेवायचं असतं. त्याच्या आदल्या आठवड्यात आईबाप साखर आणि कॉफी घेऊन आमच्या दारात हजर. प्रत्येकाला बायबलातलंच नाव हवं, पण शेजाऱ्यांनी न वापरलेलं. शिवाय अर्थ चांगला हवा, म्हणजे भविष्यात पोराला काही करायला नको, अर्थच काय ते करील. पलीकडच्या गल्लीतला यिसहाक बघा. यिसहाक म्हणजे 'तो हसेल'. जकात नाक्यावर तीस वर्षं नोकरी केली, एकदा हसला असेल तर शपथ. याकोब म्हणजे 'टाच धरणारा'. तो मात्र नावाला जागला, अख्ख्या नगरपालिकेचे पाय ओढून झालेत. एका बाईनं पोरगं फार जगावं म्हणून मातुसाला नाव मागितलं, नऊशे एकोणसत्तर वर्षं जगलेल्या म्हाताऱ्याचं. त्या पोराला आता मित्र 'माती' म्हणून हाका मारतात आणि ते मोटारसायकल अशी चालवतं की नऊशे सोडा, एकोणीस गाठलं तरी मी मेणबत्ती लावीन.

परदेशातून एकदा कुणी अभ्यासक आला होता, त्याच्याशी ह्यांचं कडाक्याचं वाजलं. "योहान्नेसचं तुम्ही जॉन करता? पिसं उपटलेली कोंबडी आहे ती! आणि एन्बाकोमला हबक्कूक? घशात काटा अडकला की माणूस असा आवाज काढतो!" त्या बिचाऱ्यानं सगळं वहीत लिहून घेतलं. एन्बाकोमवर ह्यांचा भारी जीव. संदेष्ट्याचं नाव, सहसा कुणी ठेवत नाही, आणि अर्थ 'मिठी मारणारा'. ह्यांनी मला कधी... जाऊ दे.

तर मुद्दा असा. आमच्यात आडनाव नसतं. आपलं नाव, मागे बापाचं, त्याच्यामागे त्याच्या बापाचं. लग्न ठरवायचं तर दोन्हीकडचे सात पिढ्या मोजतात आणि सातांत एक जरी माणूस सामाईक निघाला की संपलं, पोरगा-पोरगी भाऊबहीण. आईकडूनही मोजतात, पण तिथंही आईचा बाप, मग त्याचा बाप. म्हणून घराघरांत पूर्वजांची यादी असते, आणि ज्यांची यादी दिसायला बरी नसे ते आमच्या ह्यांच्याकडे येत. हे ती बरी करून देत. बकरीच्या कातड्यावर, काळ्या शाईनं, पवित्र नावं लाल.

आमची स्वतःची यादी दिवाणखान्यात टांगलेली आहे. माझी नात हिवान, तिचा बाप ब्रुक, त्याचा बाप सोफोन्यास, त्याचा इझ्रा, त्याचा नात्नाएल आणि हिवानच्या मागे पाचव्या पिढीत लालभडक एन्बाकोम. शेजारी बारीक अक्षरात माहिती: डाव्या डोळ्यानं अधू, सगळी स्तोत्रं तोंडपाठ, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी बसल्याबसल्या देवाघरी गेले. येणारा-जाणारा वाचून मान डोलावतो. हा माणूस कधी जन्मलाच नव्हता. त्या जागी जो खराखुरा माणूस होता त्याचं नाव भिंतीवर टांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ह्यांनी ते खरवडून काढलं. मला माहीत होतं. मी गप्प बसले, कारण घरात टांगायला दुसरं काही नव्हतं.

हिवान सव्वीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते. सहा वर्षं तिचं हिझ्कियासशी जमलंय. तो दवाखान्यात रक्त तपासतो, पोरगा गुणी, माझ्या हाताचं खाऊन भांडं स्वतः विसळतो. मागच्या महिन्यात हिवान मला म्हणाली, "आजी, तो नाही तर कुणीच नाही." फार बोलणाऱ्या पोरीनं म्हटलं असतं तर मी हसले असते. ही बोलतच नाही, म्हणून मला हसू आलं नाही.

रीतीप्रमाणे हिझ्कियासकडून वडीलधारे मागणी घालायला आले. पहिल्यांदा ह्यांनी उभ्या-उभ्या परत पाठवले, दुसऱ्यांदा दारातून, तीही रीतच. तिसऱ्यांदा, रविवारी देऊळ सुटल्यावर, बसायला सांगितलं. दोन मध्यस्थ म्हातारे आणि पोराचे आजोबा अलाझार, आदरानं अतो अलाझार. अलाझार म्हणजे बायबलातला तोच, मेल्यावर चौथ्या दिवशी थडग्यातून उठून आलेला. अतो अलाझारांकडे बघून पटतं. साठीचा, वाळका, पण आवाज सगळ्या गल्लीला पुरेल असा. मी तेल्ला, घरची बिअर, ओतला, सून चुलीपाशी, हिवान कॉफी भाजायला बसली. ब्रुक, तिचा बाप, माझाच मुलगा, कोपऱ्यात. बापासमोर तोंड उघडायची सवय त्याला लागलीच नाही.

"सगळं ठरल्यातच जमा आहे, येनेता," अतो अलाझार म्हणाले. "पिढ्या तेवढ्या मोजून टाकू."

"मोजा, मोजा," हे चवरीनं माशा हाकत म्हणाले. आमच्या घरात माशी नव्हती. चवरी ही मोठेपणासाठी असते.

अलाझारांनी अंगावर पांघरलेल्या जाड गाबीतून एक गुंडाळी काढली आणि हलक्या हातानं उलगडली. "हिझ्कियासचा बाप गेताचेव. त्याचा बाप मी. माझा बाप तादेवोस. त्याचा मिकियास. त्याचा..." इथं त्यांनी आवाज चढवला, "एन्बाकोम!"

चवरी थांबली.

मी पुढे वाकून पाहिलं. ह्यांचं अक्षर मला परकं कसं वाटेल? ती शाई मी कुटली होती. पन्नास वर्षांपूर्वी, काजळी आणि पाला कुटून कुटून तळहाताला फोड आले होते, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून घरात एक मेंढा आला होता. मोठ्या शिंगांचा. तो घेऊन आलेला माणूस म्हणजे तादेवोस. ह्यांनी त्याच्या यादीतही आपला लाडका एन्बाकोम घालून दिला होता आणि नंतर साफ विसरून गेले होते. त्या वयात ह्यांच्याकडे नवं काही सुचण्याइतकी कल्पनाशक्ती नव्हती. आताही नाही.

अतो अलाझारांची नजर मात्र भिंतीवरच्या यादीवर गेली होती. "येनेता, तुमच्यातही एन्बाकोम?"

"नाव आहे. दोन असू शकतात," हे म्हणाले.

"आमचे डाव्या डोळ्यानं अधू होते."

"त्या काळी डोळ्यांची साथ होती."

"स्तोत्रं पाठ होती."

"तेव्हा सगळ्यांनाच पाठ असायची. आताची पोरं बघा..."

"आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी बसल्याबसल्या गेले!" अलाझार उठून भिंतीशी गेले, बोट ठेवून वाचलं, आणि वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी. "येनेता! अहो, आपण एका रक्ताचे! माझा बाप मरेपर्यंत सांगायचा, आपण मोठ्या घरचे. मला वाटायचं, म्हातारा बढाया मारतो!" आणि त्यांनी आमच्या ह्यांना कडकडून मिठी मारली. हे मिठीत ओंडक्यासारखे उभे.

मग अलाझारांच्या लक्षात आलं. हात खाली पडले. "म्हणजे पोरं... पोरं तर बहीणभाऊ झाली की हो." एक मध्यस्थ म्हातारा घसा साफ करत म्हणाला, "पाचवी पिढी. हे काही व्हायचं नाही." दुसऱ्यानं छातीवर क्रूसाची खूण केली. आतून कॉफी जळल्याचा वास आला.

हे उठले आणि माझ्यामागोमाग चक्क स्वयंपाकघरात आले. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा, आणि मीठ शोधायला नाही. हिवान तवा हातात धरून उभी होती. बिया काळ्याठिक्कर.

"अहो, सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"काय म्हणजे? तो माणूस जन्मलाच नाही म्हणून."

"हळू बोल! कुणी ऐकेल."

"कोण ऐकेल? एन्बाकोम?"

हे भिंतीला टेकले. "तिरुनेश, गावात निम्म्या घरांत माझ्या हातच्या याद्या आहेत. उद्या प्रत्येकजण येऊन दारात उभा राहील. माझी छीथू होईल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी काय तोंड घेऊन देवळात उभा राहू?"

"तुमचं तोंड तुम्ही बघा. पोरीचं तोंड बघितलंत का?"

"आणि बदललेलं नाव सांगायचं म्हणजे खरं नावही सांगावं लागेल. ते नाव मी चारचौघांत घेऊ? त्यांच्यासमोर?"

"तुम्ही नाही घेतलंत तर मी घेईन. मला पाठ आहे. तुमच्या आईनं मसूर निवडताना मला सगळं सांगितलंय, नवी नवरी होते तेव्हाच."

हे एकदम पांढरे पडले. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की मला ठाऊक नाही. नवऱ्याला गाफील ठेवण्यात जो आनंद असतो तो मी भरपूर उपभोगला होता, पण त्या क्षणी त्यातला काही उरला नाही. माझी पोर सगळं ऐकत होती.

हिवाननं तवा खाली ठेवला. "आजोबा, खोटं आहे ते?" ह्यांनी मान फिरवली. तिनं नव्या बिया तव्यात टाकल्या. "पाहुण्यांना रीतीप्रमाणे कॉफीच्या तीन फेऱ्या देणार मी," ती म्हणाली. "तिसरा कप झाला की ते उठतील. मग मला कुणी समजवायला येऊ नका."

पहिली फेरी झाली. अतो अलाझार नाक ओढत बसले होते. एकीकडे नात्याचा आनंद, दुसरीकडे नातवाचं दुःख, आणि दोन्ही एकदम दाखवायचं तर चेहरा एकच. हे गप्प. दुसरी फेरी झाली. म्हातारे पावसापाण्याचं बोलले, तेफ धान्याच्या भावाचं बोलले. हे गप्प. मी चुलीजवळून डोळे वटारून वटारून थकले. आता आपणच उठायचं, असं ठरवून मी पदर खोचला. हिवान तिसरा कप घेऊन ह्यांच्यासमोर वाकली. ह्यांनी कप घेतला नाही.

"अतो अलाझार," हे म्हणाले, "ती यादी मी लिहिली आहे."

"कुठली? भिंतीवरची?"

"तीही. आणि तुमच्या हातातलीही. तुमचे वडील मेंढा घेऊन आले होते. तुम्ही नऊ-दहा वर्षांचे होता, बाहेर आमच्या कुत्र्याला दगड मारत होता. एन्बाकोम मी घातला. दोन्हीकडे. डोळा, स्तोत्रं, ईस्टर, सगळं माझं. असा माणूस कधी नव्हता."

मग अलाझारांचा आवाज फुटला. "आमचा मेंढा खाल्लात? आणि वर खोटा पूर्वज दिलात?"

"खाल्ला," हे म्हणाले.

"चांगला होता," मी आतून म्हटलं. उगीच कशाला नाकारा?

"आणि मग आमचा खरा कोण? माझा बाप गेला, काका गेले, आता कुणाला विचारू मी? तुम्ही माझा पणजोबा खरवडून टाकलात, येनेता!" ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

हे मान खाली घालून म्हणाले, "शिफेराव. मिकियासचा बाप शिफेराव. त्याचा बाप वोंदिम, त्याचा अयेले. खेचरांवर मिठाच्या लाद्या लादून न्यायचे. जी जी नावं मी पुसली ती सगळी मला पाठ आहेत. विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही."

अलाझार पुटपुटले, "शिफेराव. हजार जण ज्याला भितात तो." दोनदा म्हणून पाहिलं. "मग हे काय वाईट होतं? ह्याच्यासाठी बापानं मेंढा दिला?" त्यांचं त्यांनाच पटेना. मग त्यांनी मान वर केली. "आणि तुमचा? तुमच्या एन्बाकोमच्या जागी कोण होता?"

ह्यांनी चवरी खाली ठेवली.

"फांदिया," हे म्हणाले.

एका मध्यस्थ म्हाताऱ्याला ठसका लागला. कॉफी गाबीवर सांडली. दुसऱ्यानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. हसणारच की. फांदिया म्हणजे लीद, घोड्या-गाढवाची. ज्यानं सगळ्या गावाला संदेष्टे आणि देवदूत वाटले, त्याचा पणजोबा लीद! नवी नवरी होते तेव्हा मीसुद्धा पदर तोंडात कोंबून हसले होते.

"हसा," हे म्हणाले. "मीही शरमेनं जन्मभर लपवलं. पण अर्थ विचारलात तर सांगतो, तेवढंच काम मला येतं. त्याच्याआधी सहा मुलगे झाले. पहिला सिमोन, 'देवानं ऐकलं'. गेला. दुसरा अझार्यास, 'देवानं मदत केली'. गेला. तिसरा रुफाएल, 'देवानं बरं केलं'. बाकीचे तिघेही अशाच नावांचे, आणि सहाच्या सहा वर्षाच्या आत गेले. सातवा झाला तेव्हा पुजारी नाव घेऊन आला, तर आईनं त्याला दारातून हाकललं. म्हणाली, ह्याला लीद म्हणा. लीद उचलायला मृत्यू वाकत नाही. आणि तो वाकला नाही. फांदिया ऐंशी वर्षं जगला. त्याच्यामुळे मी, ब्रुक, ही पोर." ह्यांनी भिंतीवरच्या लाल नावाकडे बोट केलं. "आणि मी चाकूनं खरवडून काढला त्याला."

आता कुणी हसत नव्हतं. ब्रुक, माझा मुका ब्रुक, कोपऱ्यातून उठून बापाशेजारी येऊन बसला. अतो अलाझारांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "शिफेराव आणि फांदिया. खेचर आणि लीद. येनेता, नातं नसलं तरी ओळख असणार त्यांची." मग त्यांनी दोन्ही मध्यस्थांकडे पाहिलं. त्यांनी उरलेल्या पिढ्या मोजल्या, इकडच्या, तिकडच्या, आईकडच्या. कुठेही गाठ पडली नाही. मोठा म्हातारा म्हणाला, "मग आता अडचण कसली? मुलगी द्या." ह्यांनी मान डोलावली. सूनबाई आत हुंदके देत कांदा चिरायला लागली, कांद्याची गरज नव्हती तरी.

हिवान अजून तिथंच उभी होती, तिसरा कप हातात घेऊन. गार झाला असेल.

"आजोबा," ती म्हणाली, "तिचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"त्या आईचं. फांदियाच्या."

ह्यांनी तोंड उघडलं. ज्या माणसाला मेलेल्या सहा पोरांची नावं पाठ, गावभरची पुसलेली नावं पाठ, तो माणूस तोंड उघडं ठेवून बसला. भिंतीवरच्या यादीकडे बघितलं. तिथं कुठून असणार? तिथं बापच बाप. ब्रुककडे बघितलं, अलाझारांकडे बघितलं. त्यांनी आपल्या गुंडाळीकडे बघितलं आणि ती गाबीत खुपसली. मग हे आणि हिवान माझ्याकडे बघायला लागले, त्यांचं बघून बाकीचेही. स्वाभाविक होतं. मीच मघाशी फणकाऱ्यानं म्हटलं होतं की मला सगळं पाठ आहे म्हणून.

मला आठवतंय, सासूबाई मसूर पाखडायचं सूप हातात धरून सांगत होत्या. त्या बाईनं पुजाऱ्याला कसं हाकललं, उंबऱ्यात कशी बसली, सगळं सांगितलं. मी हसत होते. एवढी वर्षं मी ह्यांच्या अकलेला हसत आले, आणि तिचं नाव काय, हे मी विचारलंच नाही.